दाराजवळचा प्रवासी

आदरणीय अध्यक्ष विजयाताई पाटणकर, प्रमुख पाहुणे निवृत्त विंग कमांडर यशराज घाटगे साहेब, व्यासपीठावर मधोमध बसलेल्या आणि गळ्यातला हार केव्हाच काढून मांडीवर ठेवलेल्या आजच्या सत्कारमूर्ती सुनयनाबाई केरकर, द्वारका आणि मयूर विहार इथले मंडळाचे सभासद, कँटोनमेंटहून बस करून आलेली फौजी कुटुंबं, जेवण आहे असं कळल्यामुळे सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले यूपीएससीचे विद्यार्थी, आणि मागच्या दाराशी उभं राहून मोबाइलवर मोठ्यानं बोलणारे ते गृहस्थ, आपणा सर्वांना बळवंत रिसबूड याचा सविनय नमस्कार.

विजयाताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, पाच मिनिटांत माझा चष्मासुद्धा पुसून होत नाही. पण आज मला थोडं सांभाळून घ्या. उद्या सकाळी निजामुद्दीनहून बाईंची गाडी सुटते आहे. बाई वेंगुर्ल्याला चालल्या, कायमच्या. आणि त्यांना सांगायची एक गोष्ट गेला आठवडाभर माझ्या घशात अडकून बसली आहे. फोनवर जमली नाही, समोरासमोर तर मुळीच जमली नाही. आता म्हटलं माईकसमोर जमते का बघावं. मध्येच भरकटलो तर टाळ्या वाजवून खाली बसवू नका, एवढीच विनंती.

आत्ता बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीनं, तेजश्रीनं, छान भाषण केलं. मॅडमनी आम्हाला घडवलं, मॅडमची शिट्टी अजून स्वप्नात ऐकू येते, वगैरे. पण मॅडमचं नेमकं काम काय, हे इथल्या नव्या मुलांना माहीत नसेल. तर ऐका. विमान समुद्रावरून जात असताना इंजिनं बंद पडली आणि धावपट्टी काही आवाक्यात नाही, तर वैमानिक ते पाण्यावर उतरवतो. त्याला डिचिंग म्हणतात. विमान थोडा वेळ तरंगतं. तेवढ्या वेळात आतल्या सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून, दारं उघडून, रबरी राफ्टमध्ये बसवून बाहेर काढायचं. हे काम कोण करतं? ज्या पोरापोरींना आपण पाणी आणा, चहा आणा म्हणून बेल वाजवून हैराण करतो, ती पोरं करतात. आणि त्यांना ते शिकवलं केरकरबाईंनी.

शिकवलं कुठे, तर दिल्लीत. जिथून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभर रेल्वेत झोपावं लागतं, तिथे. आपल्याकडे पाणी म्हणजे यमुना, आणि यमुनेत विमान उतरवलं तर आधी ते धुऊन घ्यावं लागेल. त्या काळी या द्वारकेत सोसायट्यांच्या पाट्या लागल्या होत्या, पण नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की इथले सगळे बादल्या घेऊन धावायचे. आणि तिकडे गुडगावच्या रस्त्यावर एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात बाई पोरांना समुद्र शिकवत होत्या. मला तेव्हा ही मोठी चैन वाटायची.

ते साल त्र्याण्णव किंवा चौऱ्याण्णव असेल. नव्या खाजगी विमान कंपन्या निघाल्या होत्या, घरोघरी केबल आली होती, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आता आपण विमानानंच गावी जाणार. त्या संक्रांतीला आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला एक उंच, सावळी बाई आली. सुती साडी, केस आखूड, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात शिट्टी. तिळगूळ घेतला, वाण घेतलं, आणि सरळ माईक मागितला. म्हणाली, मला माणसं हवी आहेत. बायकांना वाटलं, निवडणुकीची सभा असेल.

मग तिनं समजावून सांगितलं. तिच्या विमान कंपनीतली मुलं एकमेकांवरच सराव करतात. सगळी बाविशीची, सगळ्यांना इंग्रजी येतं, आणि सांगितलं की सगळी ऐकतात. खरे प्रवासी तसे नसतात. म्हणाली, खरे प्रवासी तुमच्यासारखे असतात, कुणाचं ऐकत नाहीत. एवढ्या लोकांत आमचा असा गौरव आजवर कुणी केला नव्हता. शिवाय जेवण कंपनीचं होतं. सगळे तयार झाले.

एप्रिलमध्ये एका रविवारी आम्ही बस करून गेलो. हॉटेलच्या मागच्या आवारात, तलावाच्या काठाला लागून, एका मोडीत काढलेल्या विमानाचा मधला तुकडा आणून ठेवलेला. आत खऱ्या खुर्च्या, खरे पट्टे, आणि दारातून थेट पाण्यावर जाणारी घसरगुंडी. नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. दिल्लीत कंपनीचं जेवण म्हणजे छोले-भटुरे हे कळायला ज्योतिषी नको. तेव्हा आमच्या शालिनीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, पहाटे उठून मोठा स्टीलचा डबा भरून साबुदाण्याची खिचडी केली होती. बाकीच्या बायकांनीही आपापले डबे आणले होते. आपल्या लोकांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचा भरवसा कधी वाटला आहे?

सराव सुरू झाला. दिवे गेले, भोंगा वाजला, मुली ओरडायला लागल्या, लीव एव्हरीथिंग, सामान छोडो. आपल्या बायकांनी पर्स ठेवल्या. चपला ठेवल्या, त्याही देवळाबाहेर ठेवतात तशा जोडीजोडीनं. पण डबे? एकीनंही डबा सोडला नाही. सगळ्या डबे पोटाशी धरून दारात. अन्न टाकायचं नसतं हे आपल्याला इतकं लहानपणी शिकवलेलं असतं की विमान बुडालं तरी ते आठवतं. शालिनी तर डब्यासकट घसरगुंडीवरून खाली गेली आणि राफ्टमध्ये मांडी घालून बसली.

बाईंनी शिट्टी मारली आणि सगळं थांबवलं. शालिनीला उभं केलं. म्हणाल्या, "या डब्याच्या कडेनं राफ्ट फाटेल. खिचडी वाचेल आणि चाळीस माणसं बुडतील."

शालिनी शांतपणे म्हणाली, "मग निघायच्या आधीच चाळीस जणांना वाढून टाकते ना. रिकामा डबा ठेवायला मला काही वाटत नाही."

बाईंनी तोंडाजवळची शिट्टी खाली सोडली. मग हसल्या. पुढचा सराव सुरू व्हायच्या आधी शालिनीनं त्या खुर्च्यांमधून फिरून सगळ्यांना, अगदी कंपनीच्या मुलींनासुद्धा, हातावर खिचडी वाढली आणि डबा सीटखाली ठेवून दिला. बाईंचाही उपास होता, त्यांनी दोनदा घेतली. नंतर त्यांनी आपल्या मुलींना सांगितलं की प्रवाशाला सामान सोड म्हणताना त्याच्या हातात काय आहे ते आधी बघत जा.

त्या दिवशीच्या गमती सांगत बसलो तर पानं वाढायची वेळ होईल. सुभेदार धोंडीराम काटे इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांना विचारा. लाइफ जॅकेट दाराबाहेर पडल्यावरच फुगवायचं, असं चारदा सांगितलं होतं. कारण आत फुगवलं आणि पाणी शिरलं तर माणूस छताला जाऊन चिकटतो, त्याला खाली येता येत नाही. सुभेदारसाहेबांनी फौजी शिस्तीत, सगळ्यांच्या आधी, जागेवरच दोरी ओढली. मग ते दोन खुर्च्यांच्या मध्ये असे अडकले की त्यांना काढायला तिघं लागली. हसताय काय सुभेदार, खोटं सांगतोय का मी?

पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दुसऱ्या वेळी दिवे गेले, धूर सोडला, आणि आम्ही खरोखर घाबरलो. मुली इंग्रजीत ओरडत होत्या, हिंदीत ओरडत होत्या, आणि आम्ही ढिम्म. रोज ऑफिसात हिंदी बोलणारी माणसं आम्ही, पण कानात काही शिरेना. तेव्हा बाई मागून ओरडल्या, "पट्टा सोडा, सामान ठेवा, इकडे या!" जेवायला हाक मारावी तशी हाक. आणि सगळे उठले. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी प्रत्येक मुलीला हे हुकूम निरनिराळ्या भाषांमध्ये पाठ करायला लावले. घाबरलेला माणूस घरच्या बोलीतलं ऐकतो, असं त्या म्हणत. तेजश्रीला त्यापायी तमिळ शिकावं लागलं. तिला अजून ते येतं, जेवताना म्हणून दाखवायला सांगा.

तर तेव्हापासून ही आपल्या मंडळाची रीतच पडली. वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत हळदीकुंकू, मग डिचिंग, मग गणपती. ती कंपनी पुढे बंद पडली, बाई दुसरीकडे गेल्या, मग प्रशिक्षण केंद्रात गेल्या. गुडगावला काचेच्या इमारती उठल्या, हॉटेलचं नाव बदललं, तलाव तोच राहिला. आपली मुलं त्या राफ्टमध्ये वाढली. बाई सांगायच्या की राफ्टमध्ये माणसानं गप्प बसू नये, धीर सुटतो, एकमेकांशी बोलत राहावं, काहीतरी म्हणावं. आपण आरती म्हणायचो. हॉटेलातले साहेबलोक खिडक्यांतून बघायचे, पाण्यात हे काय चाललंय म्हणून.

सराव संपला की आम्ही सगळे जेवणावर तुटून पडायचो आणि बाई तलावाच्या काठावर पाण्यात पाय सोडून एकट्या बसायच्या. शालिनी पान वाढून त्यांच्याकडे घेऊन जायची. एकदा तिनं विचारलं, काय बघता एवढं? बाई म्हणाल्या, वेंगुर्ल्याला घरासमोर सुरूची झाडं आहेत आणि पलीकडे समुद्र. रात्री अंथरुणात पडलं की लाटा ऐकू येतात. इथे पंखा मोठा करून डोळे मिटते आणि तसं वाटवून घेते. पण पंख्याला खारा वास येत नाही. शालिनीनं हे मला परतीच्या बसमध्ये सांगितलं.

बाई परत का गेल्या नाहीत, असं मी त्यांना पुष्कळदा विचारलं. वडील लवकर गेले, पाठच्या भावंडांची शिक्षणं होती, हे एक. दुसरं म्हणजे काम सुटेना. दर वर्षी नवी पोरं यायची आणि त्यांना पोहता यायचं नाही. आता तिकडे आई, पार्वतीबाई, एकट्या आहेत, नव्वदीला आल्या आहेत, आणि बाई निवृत्त झाल्या आहेत. आता त्यांना थांबवणारं दिल्लीत काही राहिलं नाही, असं परवा कुणीतरी म्हणालं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

असो. आता थोडं माझं सांगतो. सत्काराच्या भाषणात वक्त्यानं स्वतःचं सांगू नये असं म्हणतात, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन हजार एक साली शालिनी गेली. हृदयाचं दुखणं, फार वेळ दिला नाही तिनं. त्यानंतर मी दार लावून घेतलं. मंडळात यायचं बंद केलं. तुम्ही सगळे येत होतात, मी चहासुद्धा विचारत नव्हतो. मुलगी भक्ती, बंगळुरूला असते, ती चल म्हणत होती, मी हललो नाही. शालिनीची शाल खुंटीवर होती, चष्मा उशाशी होता, तो स्टीलचा डबा फळीवर होता. मी त्या सगळ्याची राखण करत बसलो होतो. खरं सांगू का, मला तिची आठवण येते. आजही येते, रोज येते, आणि ती येऊ नये असं मला कधी वाटलेलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला. सांत्वन वगैरे काही नाही. म्हणाल्या, दाराजवळच्या सीटवर माणूस हवाय, रविवारी या. मला राग आला. माझी बायको गेली आहे आणि या बाईला तिच्या सीटची पडली आहे. दोन शब्द सुनावावेत म्हणून मी गेलो. तिथे पोचल्यावर त्यांनी मला काही बोलूच दिलं नाही, थेट दाराजवळ नेऊन बसवलं.

विमान पाण्यावर उतरणार असं कळलं की विमानातली माणसं प्रवाशांमधून एक जरा धडधाकट माणूस निवडतात. मदतनीस प्रवासी. त्याला दाराशी बसवतात आणि काय करायचं ते सांगतात. त्या दिवशी बाईंनी मला निवडलं. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, दाराशी माझ्याजवळ थांबायचं. माणसं आधी बाहेर काढायची, सामान सगळं मागे राहील. आणि मी पडले, मला काही झालं, तर मला इथे सोडायचं नाही, मला घेऊन बाहेर यायचं.

मी मान डोलावली.

त्या म्हणाल्या, "मान डोलावू नका. बोलून दाखवा."

हा त्यांच्या धंद्यातला नियम आहे. घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो, त्यानं तोंडानं बोलून दाखवलं तरच त्याला समजलं असं धरायचं. मी बोलून दाखवलं. तुम्ही पडलात तर तुम्हाला इथे सोडायचं नाही. घरी परतल्यावर माझ्या लक्षात आलं, शालिनी गेल्यापासून सगळे मला सांभाळा, जपा, आराम करा असं म्हणत होते. तू दुसऱ्याला सांभाळ असं मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी सांगितलं. त्या रात्री मला नीट झोप लागली.

तेव्हापासून दर वर्षी दाराजवळची सीट माझी. दर वर्षी बाई तेच सांगणार, मी तेच बोलून दाखवणार. दोघांनाही पाठ झालं होतं, तरी एकदाही गाळलं नाही. मग सराव नसतानाही मी द्वारकेला बाईंच्या घरी चहाला यायला लागलो. मयूर विहारहून दोन बसा बदलून, उन्हात धक्के खात. मंडळात कुजबुज झाली हे मला माहीत आहे. कुजबुज करणारी मंडळी आज पुढेच बसली आहेत, त्यांची नावं मी घेत नाही. चहा पिताना आम्ही काय बोलायचो, तर शालिनीबद्दल आणि समुद्राबद्दल. एक मला परत मिळणार नव्हती आणि दुसरा त्यांना मिळत नव्हता.

गेल्या वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कच्या नदीत विमान उतरलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. माणसं पंखावर ओळीनं उभी आणि सगळी वाचली. मी लगेच बाईंना फोन केला. मला वाटलं, आनंदात असतील. त्या रडत होत्या. म्हणाल्या, बळवंतराव, होतं हो असं, खरंच होतं, मी उगीच नाही शिकवत बसले. इतकी वर्षं त्यांना ही शंका होती, हे मला त्या दिवशी कळलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, पण बऱ्याच जणांनी जॅकेट घातलेलं नाही, बघितलंत का?

नोव्हेंबरात मेट्रो मयूर विहारला आली. आता मयूर विहारला बसायचं आणि थेट द्वारकेला उतरायचं, मध्ये गाडी बदलायला नको, वर गारवा. सगळे खूश होते, मीही होतो. आता आठवड्यातून तीनदा जाता येईल असा मी हिशेब करत होतो. आणि महिन्याभरात बाईंनी सांगितलं की मी घर सोडते आहे. इतकी वर्षं बसनं गेलो आणि मेट्रो आली तर बाई निघाल्या. मी त्या दिवशी मेट्रोवर फार चिडलो, तिचा काय दोष म्हणा.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा घरभर खोकी होती. मी म्हटलं, सगळा जन्म विमान कंपनीत काढला आणि जाताना रेल्वेनं? तर म्हणाल्या, लोकांना सामान सोडा सोडा म्हणत आले, आता एकदा मला माझं सगळं सामान घेऊन जायचं आहे. मग आम्ही एका खोक्यावर बसून चहा प्यायलो. कप आधीच बांधले गेले होते, स्टीलच्या पेल्यांतून. त्या म्हणाल्या, वेंगुर्ल्याला या. आता तुम्हा सगळ्यांनाच त्यांनी या म्हणून सांगितलं आहे, मला माहीत आहे. पण मला सांगताना त्यांनी एक वाक्य जास्त घातलं. म्हणाल्या, "येताना परतीचं तिकीट काढू नका."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, बघू.

बघू! हयात सरकारी खात्यात गेली त्याचा हा परिणाम. वरिष्ठांना बघू, कंत्राटदाराला बघू, आणि या बाईंनाही बघू. त्यांनी पेला उचलला, धुतला आणि दुसरा विषय काढला. या वेळी मेट्रोत बसून मी स्वतःवरच चिडलो. कारण मला जायचं होतं. मला त्या दारातच हो म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढे घर आलं, खुंटीवरची शाल आली. मी ते घर सोडलं तर शालिनीला ठेवू कुठे, असं वाटलं.

त्या रात्री मी फळीवरचा डबा काढून समोर ठेवला आणि मला शालिनीचं उत्तर आठवलं. निघायच्या आधीच सगळ्यांना वाढून टाकते.

विजयाताई, मंगळवारी मी तुमच्याकडे शालिनीची शाल घेऊन आलो, तेव्हा तुम्ही घाबरून भक्तीला फोन केलात, बाबांची तब्येत बरी आहे ना म्हणून. सुभेदार, तुमच्या घरी तिचं शिवणयंत्र आलं. विद्यार्थ्यांनो, तुमच्या खोलीवर आमच्या घरातली भांडी आली, त्यातली कढई नीट घासत जा, तिची आवडती होती. तेजश्री, कानातले तुझ्याकडे आहेत, आज घातलेत, मी मघाशीच पाहिलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तुम्ही आपसात म्हणालात, तेही माझ्या कानावर आलं. तब्येत बरी आहे माझी. शालिनी आता या सभागृहात जागोजाग बसली आहे, आणि एवढी जागा तिला आमच्या फ्लॅटमध्ये मिळत नव्हती. भक्तीला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, चलो, फायनली. दिल्लीत वाढलेली मुलगी, तिचं मराठी अशा वेळी संपतं.

एक डबा तेवढा माझ्याकडे ठेवला आहे.

केरकरबाई, विमान आदळताना बसायला शिकवता तशा डोकं खाली घालून का बसलात? विमान पडत नाहीये. मला एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी मी जे बघू म्हणालो... काय? बाई काहीतरी म्हणताहेत. त्यांना माईक द्या जरा. नको म्हणतात. अच्छा, मीच सांगतो. मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं नसेल. बाई म्हणताहेत, "बोलून दाखवा."

दाखवतो.

दाराशी तुमच्याजवळ थांबायचं. माणसं आधी, सामान सगळं मागे. तुम्ही पडलात तर तुम्हाला सोडायचं नाही. आणि परतीचं तिकीट काढायचं नाही. ते काढलेलं नाही. जायचं मात्र काढलं आहे, उद्याच्याच गाडीचं. बसायला अर्धी जागा मिळाली आहे, झोपायची मिळेल असं तिकीटवाला म्हणाला.

समजलं, बाई? आता तुम्ही मान डोलावली तरी चालेल.

अध्यक्षमहोदया, पाहुणे आणि आपण सगळे, या माणसाला तुम्ही इतकी वर्षं सहन केलंत आणि आज इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पाच मिनिटांचं किती झालं ते मी विचारत नाही. बोलण्याच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर पोटात घाला. त्या एका 'बघू'ची माफी मात्र ज्यांची मागायची त्यांची मी गाडीत मागेन, रस्ता लांबचा आहे.

आणि मी जेवायला थांबत नाही, राग मानू नका. शेवटची मेट्रो गाठायची आहे. उद्या चतुर्थी आहे, बाईंचा उपास असतो, रेल्वेत उपासाचं काही मिळत नाही, आणि मला घरी जाऊन साबुदाणा भिजत घालायचा आहे. नमस्कार.